गॅस जाणार नाही अशी गळती

मी एक फ्रीज बोलतोय. बोलतोय म्हणजे घरघरतोय, पण कान देऊन ऐकलंत तर माझ्या घरघरीत बरंच काही असतं. आधीच सांगतो, मी कोणाच्या स्वयंपाकघरातला फ्रीज नाही. माझ्यात कधी कोथिंबीर सुकली नाही की पाहुण्यांपासून लपवलेला श्रीखंडाचा डबा राहिला नाही. मी शिकवणीचा फ्रीज आहे. अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाताना रस्त्याला लागून एक औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तिचं नाव सांगत नाही, उगाच कोणाच्या पोटात दुखायला नको. तिथल्या फ्रीज-एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं उभा आहे आणि पोरं माझ्यावर हात साफ करत आली आहेत. डॉक्टरकीच्या पोरांना जसं मढं लागतं तसा या पोरांना मी लागतो. फरक एवढाच की मढ्याला वर्षाच्या शेवटी कोणी उठून बसायला सांगत नाही. मला सांगतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा ट्रकमध्ये आम्ही बारा जण होतो, सगळे पांढरे, एका दाराचे. वाटेत आमचं एकच बोलणं, की आपल्याला कसं घर मिळेल. कोणाला लग्नाच्या रुखवतात उभं राहायचं होतं, कोणाला फक्त दही लावणारी बाई हवी होती. अकरा जण अमरावतीच्या एका दुकानात उतरले. मला मात्र तसंच पुढे आणलं. वर्कशॉपच्या दारात एक काळ्याभोर मिशीचा माणूस उभा होता. त्याने मला आत घेतलं, थोपटलं आणि वीज लावायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर लावला.

तो माणूस म्हणजे देवीदास सर. हुद्दा निदेशकाचा, म्हणजे पोरांना हाताला धरून काम शिकवणारा. माणूस लाख मोलाचा. मे महिन्यात सगळं अकोला तव्यासारखं तापलेलं असताना घरून दुधाच्या कॅनमध्ये ताक आणायचा आणि वीसच्या वीस पोरांना पाजायचा. कोणाचं लग्न, कोणाची नोकरी, कोणाच्या बापाचं ऑपरेशन, सगळीकडे सर पुढे. पोरं त्यांना जीव लावत. मीही लावला. माझ्या आयुष्याचं वाटोळं त्यांनीच केलं, तरी लावला.

ते कसं, तेही सांगतो. बाकीच्या जगात फ्रीजचं तोंड दाराकडे असतं. इथे माझी पाठ हेच माझं तोंड, कारण कॉम्प्रेसर, काळी जाळी, तांब्याच्या नळ्या, सगळा शिकण्यासारखा माल पाठीला. म्हणून मला दार भिंतीकडे करून, ते उघडेल एवढी जागा सोडून उभं केलं होतं. पहिलीच खंडेनवमी आली. हत्यारांची, यंत्रांची पूजा. पान्हे, पकडी, हातोड्या धुऊनपुसून मांडल्या, प्रत्येकाला झेंडूचं फूल मिळालं. सरांनी माझ्या पाठीवर हळद-कुंकू वाहिलं आणि भक्तीच्या भरात माझ्या कॉम्प्रेसरच्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडला. नारळ फुटला. बाजूची तांब्याची नळीही फुटली, केसाएवढी. सरांना फक्त नारळाचा आवाज आला. पाणी छान निघालं म्हणून सगळे खूश झाले आणि त्याच जागी सरांनी मूठभर हळद-कुंकू आणखी लावलं.

तेव्हापासून माझा गॅस टिकेना. फ्रीजला गॅस म्हणजे रक्त. सकाळी भरला की दिवसभर मी गार, आणि सगळे घरी गेले की माझा जीव हळूहळू त्या भेगेतून बाहेर पडायचा. सकाळी मी पुन्हा कपाट. पोरं गळती शोधायची. शोधायची रीत सोपी असते: नळीवर ब्रशने साबणाचं पाणी लावायचं, जिथून गॅस येतो तिथे बुडबुडा फुगतो. पोरं नळीभर साबण लावायची, एक जागा सोडून. तिथे बोट गेलं की सर म्हणायचे, “तिथं हात लावू नका रे, थे देवाचं आहे.” दर खंडेनवमीला त्या जागेवर नवा थर चढायचा. नारळ मात्र सर पुढच्या वर्षापासून दाराच्या उंबऱ्यावर फोडू लागले. कोणीतरी सांगितलं होतं की फ्रीजला ओल चांगली नाही.

मी ओरडून ओरडून थकलो. पण माझ्या घरघरीचा अर्थ सरांनी वेगळा लावला होता. ते दरवर्षी नव्या पोरांना माझी ओळख करून देत आणि म्हणत, याच्यात गळती आहे पण सापडत नाही, कंपनीचाच दोष, काही दोष जन्माचे असतात. पोरं वहीत लिहून घ्यायची. पुढे पुढे तर माझा आजार हाच अभ्यासक्रम झाला. परीक्षेचा प्रश्न ठरलेला: दिलेल्या शीतयंत्रातील गळती शोधा, ती बंद करा, गॅस भरून थंडावा दाखवा. उत्तरही ठरलेलं. पोरगं कुठल्यातरी सांध्यावर साबण लावून म्हणायचं, “हा पाहा सर बुडबुडा, बारीक आहे.” परीक्षक चष्मा वर करून म्हणायचे, “हो, दिसला.” मग त्या निरोगी सांध्याला उगाच जाळ दाखवायचा, गॅस भरायचा, तासाभराने परीक्षकांनी आत हात घालायचा आणि म्हणायचं, “थंड आहे.” पोरगं पास. संध्याकाळी मी रिकामा, पुढच्या वर्षासाठी तयार. एका बॅचने तर माझ्या अंड्यांच्या कप्प्यात मार्करने लिहून ठेवलं होतं: उत्तर – गॅस गेला. कोणी पुसलं नाही. पुसणार तरी का?

अशा तऱ्हेने मी बावीस वेळा बरा झालो आणि बावीस वेळा आजारी पडलो. माझ्या कपाळावर, म्हणजे पाठीवर, पाटी आहे: ‘शिकवणीचे यंत्र – नादुरुस्त’. इतकी वर्षं टिकणारी नोकरी फार कमी जणांना मिळते.

मग दामिनी आली.

दामिनी नांदगाव खंडेश्वरकडची. एसटीने ये-जा करायची. नऊ वर्षांनी फ्रीज-एसीच्या या ट्रेडला मुलगी आली होती, त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी चपराश्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला पाहून गेले. तिचे वडील महादेवराव सोबत होते. त्यांचं म्हणणं होतं की पोरीनं शिवणकाम घ्यावं. नुसतं म्हणणं नव्हतं, त्यांनी घरी शिलाई मशीन आणूनही ठेवली होती, ओसरीत पोत्याखाली झाकून. दामिनी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाली, “बाबा, आपल्या इकडे उन्हाळ्यात झंपर कोण मागते? माणूस थंड पानी मागते.” शेवटी बापलेकीत ठरलं की पोरगी पास झाली तर तिच्या मनासारखं, नापास झाली तर पोतं काढायचं.

वर्कशॉपमध्ये मुलींसाठी एक रीत होती. एरवी मी दरवर्षी चिठ्ठी टाकून एका पोराच्या वाट्याला यायचो, मुलगी आली की तिलाच मिळायचो. सराव माझ्यावर, परीक्षाही माझ्यावर. बाकीच्यांना शिडीवर चढून एसी उतरवायचे, कूलरच्या मोटारी बांधायच्या. मुलीला फ्रीज, कारण त्यात चढउतर नाही आणि उत्तर माहीत आहे. सरांनी हे मायेनेच केलं. दामिनी म्हणाली, “मले शिडीवर चढता येते, सर.” सर हसले आणि ताकाचा पेला तिच्या हातात दिला.

तिचा राग तिने माझ्यावर काढला, आणि त्यासारखं भलं माझं कोणी केलं नाही. मी सोपा आहे हे तिला सहन होईना. बाकीची पोरं ‘गॅस गेला’ म्हणून मोकळी व्हायची, ही विचारायची की गेला तर कुठून गेला? तिच्या शेजारच्या टेबलावर अफनान असायचा. त्याच्या अब्बांचं, इनायतुल्लांचं, अकोल्यात कूलर-फ्रीज दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे त्याला निम्मं काम आधीच यायचं आणि उरलेला वेळ तो बोलण्यात घालवायचा. तो तिला सांगायचा, की बावीस बॅच गेल्या, कोणाले नाही सापडली, तुले काहून सापडन? ती त्याच्याकडे न पाहता साबण घोटत राहायची.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मोर्शीकडच्या एका संत्र्यांच्या शीतगृहाचे व्यवस्थापक संस्थेत आले. त्यांनी पोरांना प्रश्न विचारले. दामिनीने उलट त्यांनाच तीन प्रश्न विचारले, त्यातल्या दोहोंची उत्तरं त्यांना आली नाहीत. त्यांनी तिला लागलीच पत्र दिलं: परीक्षा पास होऊन पंधरा जूनला हजर व्हा. ते पत्र तिने घडी करून माझ्या भाजीच्या कप्प्यात ठेवलं, कारण वर्कशॉपमध्ये कुलूपबंद म्हणावी अशी तीच एक जागा होती. माझ्यात काही असेल असं कोणाला वाटायचंच नाही. त्या दिवसापासून तिची परीक्षा ही माझीही झाली.

परीक्षा मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी होती. गुरुवारी सकाळी सरावापुरता थोडा गॅस माझ्यात भरला होता आणि दुपारी ती माझ्या पाठीशी बसून साबण लावत होती. पारा पंचेचाळीसच्या पुढे, पंखा गरम हवा ढकलत होता. घामाने ब्रश निसटला आणि साबणाचं पाणी ओघळून हळद-कुंकवाच्या थरावर गेलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे ज्याने कधी हळदीचा डाग धुतला आहे त्याला माहीत असतं. या पोरांनी कधी धुतला नव्हता. दामिनीने धुतला होता. ती लाल डागाकडे सवयीने बघत राहिली, आणि त्या लालातून एक लाल बुडबुडा वर आला. फुटला. दुसरा आला.

“अफनान,” ती म्हणाली, “हे पाह्य.”

अफनान हातातली पकड ठेवून तिच्या शेजारी येऊन बसला. दोघांनी मिळून सात बुडबुडे मोजले. मग प्रश्न आला, की थर काढायचा कोणी. सर म्हणाले होते तिथं हात लावू नका. दामिनीने अफनानकडे पाहिलं.

“माह्याकडे पाहू नको,” अफनान म्हणाला. “मी काढला तं वेगळीच बातमी होईन. तूच काढ.”

दामिनीने आधी मला नमस्कार केला. मग जुन्या टूथब्रशने बावीस वर्षांचा थर हलक्या हाताने उतरवला, खाली कागद धरला, एक कण जमिनीवर पडू दिला नाही. कागदाची पुडी बांधून बाहेरच्या पिंपळाच्या बुंध्याशी ठेवून आली. थराखाली नळी, नळीला खळगा, खळग्यात केसाएवढी भेग, आणि भेगेच्या कडेला अडकलेला नारळाच्या काथ्याचा एक धागा. ती त्या धाग्याकडे पाहत राहिली. तिला सगळं समजलं हे मला समजलं. नळीचा तेवढा तुकडा कापून खिशात टाकला, नवा तुकडा बसवला, डाख वितळवून सांधा भरला, आतली हवा पंपाने खेचून काढली आणि कोठीतल्या सिलिंडरमधला उरलेला गॅस मला भरला.

मित्रहो, मी गार झालो. संध्याकाळ झाली, सगळे गेले, मी वाट बघत राहिलो की आता जीव जाईल, आता जाईल. तो गेलाच नाही. पुरेसा गारवा झाला की मी आपोआप थांबतो, आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो, हेही मला तेव्हाच कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं थांबणं म्हणजे मरणं.

शुक्रवारी सकाळी सरांनी सवयीने माझं दार उघडलं. आत दामिनीने ठेवलेल्या वाटीतल्या पाण्याचा बर्फ झाला होता. सर दचकून मागे सरले आणि त्यांनी जोरात विचारलं, “याले काय झालं?” पोरं धावत आली. प्रत्येकाने हात घालून पाहिला. सगळ्यांचं एकमत झालं की फ्रीज बिघडला.

दामिनीने पुढे होऊन सांगितलं की गळती सापडली, बंद केली, गॅस भरला. तिचा चेहरा असा होता की आता शाबासकी येणार. सरांनी आधी कोठीत जाऊन सिलिंडर हलवून पाहिला. रिकामा. मग ते स्टुलावर बसले. मला त्यांचा हिशेब कळला. परीक्षेत गळती शोधून बंद करायची आणि गॅस भरून दाखवायचा. गळती आता नाही. गॅस सोडून दिला तर भरायला दुसरा नाही. तो वर्षातून एकदा येतो आणि येऊन गेला होता. दामिनीने तिची परीक्षा चार दिवस आधीच देऊन टाकली होती आणि पाहायला परीक्षक नव्हता.

तिने खिशातून तुकडा काढून सरांना दिला. सरांनी तो उजेडात धरला. खळगा पाहिला, भेग पाहिली, काथ्याचा धागा नखाने उचलला. त्यांची मिशी आता पांढरी झाली आहे, तिच्याखाली ओठ हललेले मला दिसले. मग ते म्हणाले, “कंपनीचाच दोष.” तुकडा परत दिला, नळावर जाऊन हात धुतले, आणि परत जाऊन पुन्हा धुतले.

गोष्ट प्राचार्यांपर्यंत गेली. प्राचार्य साहेब सज्जन आणि कागदी माणूस. त्यांनी मला प्रदक्षिणा घातली, पाटी वाचली, दार उघडून गारवा घेतला आणि बंद केलं. म्हणाले, संस्थेकडे नादुरुस्त म्हणून नोंदलेलं यंत्र विनापरवानगी दुरुस्त होणं योग्य नाही. मग थोडा विचार करून त्यांनी आदेश दिला.

“देवीदासजी, सोमवारपर्यंत याच्यात एक गळती करून ठेवा. फक्त गॅस जाणार नाही अशी करा.”

सर हो म्हणाले. सरकारी नोकरीत माणसाला हो म्हणायची सवय होते. मग दिवसभर ते माझ्यासमोर कानस घेऊन बसून राहिले. फळ्यावर चित्र काढलं, पुसलं. गॅस जाणार नाही अशी गळती काढता येईना. कोणी म्हणालं, नळीवर रंगाने भेग काढू. कोणी म्हणालं, परीक्षकांना चिखलदऱ्याला फिरवून आणू, तोवर सोमवार टळेल. शनिवारी अफनान अकोल्याला अब्बांच्या दुकानात गॅस मागायला गेला. इनायतुल्लांनी सांगून पाठवलं, की मे महिन्यात फ्रीजचा गॅस मागतोस, बेटा, पाऊस का नाही मागत, मंगळवारी येईल. मग अफनाननेच तोड काढली. तो माझ्या आड लपून बसणार, परीक्षक वाकले की उसाच्या रसाची नळी साबणात बुडवून हळूच फुंकणार. रंगीत तालीम झाली. बुडबुडा सुरेख आला. दुसरा नारळाएवढा आला, कारण अफनानला हसू फुटलं. प्राचार्यांनी लांबून पाहून मान्यता दिली, मात्र लेखी देणार नाही म्हणाले.

दामिनी मात्र अडून बसली. “मी खरी गळती बंद केली, सर. आता खोट्या बुडबुड्यावर मले पास नाई व्हायचं.”

“अन् नापास झाली तं?” सरांनी विचारलं. “पत्र आहे ना तुह्याकडे मोर्शीचं?”

“आहे,” ती म्हणाली. “त्याच्यात आहे.” आणि तिने माझ्याकडे बोट केलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा मनापासून राग आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवार उजाडला. परीक्षक अमरावतीहून आले, गळ्यात ओला रुमाल, चेहरा लालबुंद. आल्या आल्या पाणी मागितलं. चपराश्याने माझ्यातली बाटली काढून दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या संपवली, दुसरी मागितली, तीही संपवली. म्हणाले, “वा, पाणी फारच गार आहे. आता तो नादुरुस्त फ्रीज दाखवा.”

शेवटी अफनान म्हणाला, “त्याच्यातलंच पिऊन राहिले तुमी, साहेब.”

परीक्षकांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागद काढला आणि दामिनीला समोर बोलावलं.

“गळती दाखव.”

“बंद केली, साहेब.”

“कधी?”

“गुरुवारी.”

“परीक्षा आज आहे.”

तिने तुकडा पुढे केला. त्यांनी भेग पाहिली, चांगली भेग आहे म्हणाले. पण हा तुकडा याच फ्रीजचा, आणि तिनेच शोधला, कशावरून? माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच गुण द्यायचे होते असं मला वाटलं. पण समोर रकाने होते. त्यांनी गुणपत्रिकेच्या तळाची ओळ मोठ्याने वाचली: दोष कोणी निर्माण केला, केव्हा, व कशाने. परीक्षेसाठी यंत्रात मुद्दाम दोष करून ठेवायचा असतो आणि तो निदेशकाने करायचा असतो, म्हणून ती ओळ. सर दरवर्षी तिथे न वाचता लिहायचे: निदेशक, आदल्या दिवशी, हाताने. परीक्षक म्हणाले, “आदल्या दिवशी म्हणजे काल. काल केलेला दोष हिनं गुरुवारी बंद कसा केला? आणि कोणीच केला नसेल तर दोषच नव्हता. मग मला इथं शून्य लिहावं लागेल.”

अफनानने तोंड उघडलं. दामिनीने त्याच्या पायावर पाय दिला. ती सरांकडेही पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती. ती एक शब्द बोलली असती तर पास झाली असती, आणि तो शब्द ती बोलणार नव्हती. सरांना निवृत्त व्हायला सात महिने उरले होते. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं अकोल्यापासून अमरावतीपर्यंत दुकानं थाटून बसली होती आणि सगळी सांगत, की आम्ही देवीदास सरांची पोरं. मी सगळा जोर लावून घरघरत होतो. मग गारवा पुरला आणि मी आपोआप थांबलो, आणि वर्कशॉपमध्ये काहीच ऐकू येईना.

“द्या इकडे,” सर म्हणाले.

त्यांनी कागद माझ्या डोक्यावर ठेवून लिहिला. पेन थांबत होतं ते मला जाणवत होतं. परीक्षकांनी घेऊन वाचलं: “कोणी – निदेशक देवीदास. केव्हा – खंडेनवमी, दोन हजार तीन. कशाने – नारळाने.” त्यांनी ते पुन्हा वाचलं.

“नारळाने?”

“हो, साहेब. पूजेत फोडला मी. नळीले लागला, मले समजलं नाई.” सरांचा आवाज बारीक झाला होता. “समजलं नाई थे एक. पन त्याच जागेवर मी बावीस वर्षं हळद-कुंकू वाह्यलं अन् पोरायले सांगतलं, तिथं हात लावू नका. पोरं जिथं गळती नव्हती तिथं शोधत राह्यली, अन् मी पास करत राह्यलो. हे शुक्रवारी या तुकड्यात पाह्यलं मी. तरी बोललो नाई. शून्य द्यायचंच असन तं मले द्या. हिनं शोधली.”

प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले. परीक्षकांनी रुमालाने तोंड पुसलं. मग खाली बसून माझा नवा सांधा पाहिला, नखाने दाबला, तुकडा त्याच्या शेजारी धरून माप जुळतं का बघितलं. गळती शोधणे, पूर्ण गुण. बंद करणे, पूर्ण गुण. थंडावा दाखवणे, इथे त्यांनी रिकाम्या बाटल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे मी तपासलंय.” सही केली. दामिनीने माझा भाजीचा कप्पा उघडून पत्र काढलं तेव्हा ते इतकं गार होतं की तिने ते गालाला लावलं. ती रडत होती आणि अफनान सगळ्यांना सांगत होता की घाम आहे.

पंधरा जूनच्या दोन दिवस आधी ती एप्रन परत करायला आली. दुपारची वेळ, वर्कशॉप रिकामं. सरांनी कोपऱ्यातला जुना वॉटर कूलर ओढून मध्ये आणला होता. त्याचाही गॅस टिकायचा नाही आणि त्याच्याही पाठीवर हळद-कुंकवाचा थर होता. सरांनी तो स्वतः उतरवला होता आणि इनायतुल्लांकडून आणलेला गॅस त्यात भरला होता. कुठे भेग दिसत नव्हती. सरांनी साबणाचा वाडगा तिच्यापुढे केला.

“दामिनी, मले दाखव. मी नवीन पोरगा आलो असं समज.”

“सर, तुमाले काय दाखवू मी?”

“समज ना, बाई.”

तिला अवघडल्यासारखं झालं. पण तिने वाडगा घेतला, बोटाने घोटून पाहिला, थोडं पाणी घातलं आणि ब्रश सरांच्या हातात दिला. साबण जास्त नको म्हणाली. घाई करू नका, लावून थांबा, तो आपोआप येते. सर गुडघ्यांवर बसले. चष्मा घामाने घसरत होता. एक सांधा, दुसरा सांधा, वाकण. ते लावत आणि थांबत. ती मध्ये बोलली नाही, तिची एसटी गेली तरी बोलली नाही. बऱ्याच वेळाने, नळी जिथे टाकीकडे वळते तिथे, मोहरीएवढा बुडबुडा आला.

“आला,” सर म्हणाले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शोधलेली ती पहिली गळती असावी असा त्यांचा चेहरा होता. त्यांनी डोळे पुसले, हाताला साबण होता, त्यामुळे डोळे आणखी वाहू लागले आणि दामिनी धावत पाणी आणायला माझ्याकडे आली.

आता ती मोर्शीला आहे. महादेवरावांची शिलाई मशीन अजून पोत्याखालीच आहे असं अफनान सांगतो. मी व्हरांड्यात आलो आहे, आणि पहिल्यांदाच दार पुढे करून उभा आहे. माझ्यात सगळ्या ट्रेडच्या पोरांच्या बाटल्या असतात. पाटी अजून नादुरुस्तचीच आहे, कारण ती बदलायला मंजुरी लागते. पुढच्या वर्षीचा प्रश्नही तोच येणार असल्याने मला पुन्हा नादुरुस्त करण्याचा प्रस्ताव वरच्या कार्यालयात गेला आहे. सर त्यावर सही करत नाहीत, पण ते निवृत्त होतील. तुमच्यापैकी कोणी त्या कार्यालयात असाल तर हात जोडून सांगतो, ती फाईल जिथे दबली आहे तिथेच दबलेली राहू द्या.

आणि या रस्त्याने कधी गेलात तर आत या, पाणी प्या, बाटली भरून परत ठेवा. बावीस वर्षं माझं दार सताड उघडं राहिलं तरी कोणी काही म्हणत नव्हतं. परवा एक नवीन पोरगी दार उघडं टाकून गेली तर मागून तिघं जण ओरडले, “दार लाव ना वं फ्रीजचं.” मला ते फार आवडलं.